हँडब्रेक सैल झालाय, केबल आवळली की काम होईल का?

लगेच आवळू नका. तुम्ही लिहिलंय की तुमच्या जुन्या वॅगन-आरचा लिव्हर दहा क्लिकपर्यंत वर येतो, तरी सोसायटीच्या रॅम्पवर गाडी मागे सरकते आणि मेकॅनिक म्हणतो, 'केबल टाइट करून देतो, पाच मिनिटांचं काम'. केबल आवळावी लागेलही, पण ते सगळ्यात शेवटी.

पायाचा ब्रेक दाबल्यावर मागच्या ड्रममधले (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यातले) जे शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे वाकडे तुकडे, ब्रेक ऑइलच्या दाबाने पसरतात, तेच शू हँडब्रेकची केबल ओढते. शूवरचं लायनर, म्हणजे घासणारा थर, झिजलं की शू आणि ड्रममधली फट वाढते. ती भरून काढायला आत ऑटो-अ‍ॅडजस्टर असतो. गंज आणि लायनरच्या भुकटीने तो जाम झाला की फट तशीच राहते आणि लिव्हर दर महिन्याला एखादा क्लिक वर यायला लागतो. केबल थोडीफार ताणली जाते हे खरं, पण जुन्या गाडीत सैलपणा बहुतेक वेळा चाकातच असतो. अशात नुसती केबल आवळली, तर ड्रममधला हँडब्रेकचा दांडा आपल्या जागी परत टेकत नाही, आणि तो टेकल्याशिवाय ऑटो-अ‍ॅडजस्टर काम करत नाही. लिव्हर हाताला छान घट्ट लागतो, झीज मात्र आत लपून राहते. जास्तच आवळली असेल तर शू सतत घासतात, ड्रम तापतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं.

मी माझ्या गाडीचं हे काम दरवर्षी पावसाळा संपला की घरीच करतो. गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे. मागची बाजू उचलून स्टँडवर ठेवायची; नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, ही एक गोष्ट मी कुणालाच सोडून देत नाही. हँडब्रेक पूर्ण खाली करून दोन्ही चाकं हाताने फिरवून बघा. मोकळी फिरायला हवीत. एखादं अडकत असेल तर त्या बाजूची केबल कव्हरमध्ये गंजली आहे का ते आधी बघा. कोकणातल्या, गोव्यातल्या गाड्यांत हे फार दिसतं, आणि तिथे केबल बदलण्याला पर्याय नाही.

मग हँडब्रेक खालीच ठेवून पायाचा ब्रेक जोर देऊन आठ-दहा वेळा दाबा. अ‍ॅडजस्टर चालू असेल तर एवढ्यानेच फट कमी होते. तरी फरक पडला नाही, किंवा पेडलही खोल जात असेल, तर ड्रम उघडायलाच हवा. ते मी घरी करा असं सांगणार नाही, कारण ड्रमचा मधला नट योग्य टॉर्कने (ठरलेल्या जोराने) बसला नाही तर चाकाच्या बेअरिंगचा प्रश्न येतो. मेकॅनिकला ड्रम उघडायला लावा आणि स्वतः समोर उभे राहा. लायनर १ मिमीपर्यंत आलंय का, व्हील सिलिंडरमधून (ऑइलच्या दाबाने शू पसरवणाऱ्या भागातून) ऑइल पाझरतंय का, अ‍ॅडजस्टर मोकळा हलतो का, एवढं डोळ्यांनी बघून घ्या. ऑइल लागलेलं लायनर घासून परत बसवू देऊ नका. आतली भुकटी हवा मारून उडवू देऊ नका, ती छातीत जाते. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायला सांगा. ड्रम बसला की पुन्हा पेडल दाबायचं, म्हणजे शू जागेवर येतात.

आता केबल. लिव्हरच्या बुडाशी, प्लास्टिकच्या कव्हरखाली अ‍ॅडजस्टिंग नट असतो. एका वेळी अर्धा-एक आटा फिरवायचा, लिव्हर दोन-तीनदा वर-खाली करायचा आणि क्लिक मोजायचे. किती हवेत ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं; माप घेताना लिव्हर साधारण २० किलोच्या ओढीने खेचायचा असतो. तेवढ्या क्लिकला दोन्ही मागची चाकं जाम झाली पाहिजेत, आणि लिव्हर खाली टाकताच दोन्ही मोकळी. एकच चाक धरत असेल तर नट आवळत बसू नका, बिघाड दुसऱ्या चाकाकडे आहे.

झाल्यावर दोन-तीन किलोमीटर फिरून या आणि मागच्या दोन्ही चाकांजवळ हात न लावता ऊब बघा. एक बाजू स्पष्ट जास्त तापली असेल तर तिथे शू घासतोय, नट थोडा मागे घ्या.

हे होईपर्यंत रॅम्पवर गाडी लावू नका. संध्याकाळी तिथे मुलं सायकली घेऊन असतात. लावणं भागच असेल तर आधी हँडब्रेक, मग चढाकडे तोंड असेल तर पहिला आणि उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर, आणि उताराच्या बाजूने चाकाला मोठा दगड.