फार्मा कंपनीतून नववी-दहावीला विज्ञान शिकवायला जायचं आहे. एमएस्सी केमिस्ट्री आहे, तयारी कशी करू?

आधी बीएड. त्याला पर्याय नाही. सीईटी (प्रवेश परीक्षा) द्यायची, मग दोन वर्षांचा कोर्स. नोकरी सांभाळून होईल अशा भ्रमात राहू नका. शाळेतली इंटर्नशिप बरेच आठवडे चालते. ही 2 वर्षं पगाराविना निभतील का, हा हिशोब घरी बसून आधी करा.

अनुदानित शाळेत लागायचं तर टेट (अभियोग्यता चाचणी, 200 गुण) आणि पवित्र पोर्टल (शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ). सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर 2 लागतो. नावं सारखी वाटली तरी परीक्षा वेगळ्या आहेत. खासगी विनाअनुदानित शाळा थेट मुलाखत आणि डेमो लेसनवर घेतात, पगार मात्र बघून घ्या.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. दहावीला विज्ञानाचे दोन भाग, 40-40 गुणांचे. भाग 2 मध्ये आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया येतात आणि केमिस्ट्रीवाले तिथेच गडबडतात. बालभारतीची सहावीपासूनची पुस्तकं आजच काढा आणि धड्यांच्या शेवटचे प्रश्न स्वतः सोडवा.

शिवाय प्रयोग करून बघा. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते, हे सगळे सांगतात. फुंकतच राहिलं तर परत नितळ का होते, हे एखादी पोरगी विचारणारच. दुधाळ कॅल्शियम कार्बोनेटचं कॅल्शियम बायकार्बोनेट होतं आणि ते पाण्यात विरघळतं, हे तुम्हाला माहीत आहे. चौदा वर्षांच्या मुलांना फळ्यावर दोन ओळींत सांगता येतंय का, ते शेजारच्या मुलांवर आजमावा.