अडीच महिन्यांच्या लॅब्राडोर पिल्लाला चिकन सोसत नाही असं वाटतं, फूड कोणतं देऊ?

ताई, तुम्ही लिहिलंय की पिल्लू घरी आणून पंधरा दिवस झाले, शी पातळच होते, कान खाजवतं, आणि दुकानवाला म्हणतो चिकनची ऍलर्जी आहे, लॅम्बवालं ग्रेन फ्री (धान्य नसलेलं) घेऊन जा. मी जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरकडचा. आमची टिकली केळीच्या बागेत सापडलेली, गावठीच आहे, पण तिच्या पायी आम्ही दोन महिन्यात तीन फूड बदलले आणि तिन्ही वेळा चुकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवीन पिशवी आज घेऊ नका. आधी पिल्लाची ताजी शी डबीत घ्या आणि जनावरांच्या डॉक्टरकडे तपासायला द्या. या वयात शी पातळ व्हायला जंत नाहीतर जिआर्डिया, कॉक्सिडिया हे आतड्यातले डोळ्यांना न दिसणारे परजीवी हीच कारणं जास्त असतात, फूडची ऍलर्जी त्या मानाने कमी. जंताचं औषध एकदा देऊन भागत नाही, पिल्लू तीन महिन्यांचं होईपर्यंत साधारण दर पंधरा दिवसांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा द्यावं लागतं, डोस वजनावर असतो तो डॉक्टरच ठरवतील. आणि शीमध्ये रक्त दिसलं, उलट्या झाल्या, पिल्लू मलूल पडून खायचं थांबलं तर हे उत्तर वाचत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना, कारण पार्व्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार) असेल तर एकेक तास महत्त्वाचा असतो. कानसुद्धा बघायला सांगा. टिकलीचं खाजवणं आम्ही फूडवर ढकलत होतो आणि निघाले काय तर कानाच्या मागे गोचीड.

आता ऍलर्जीचं. चिकनची नसतेच असं नाही. २०१६ च्या एका अभ्यासात फूड ऍलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र केली होती, त्यात बीफ ३४ टक्के, दूध-दुभतं १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के. म्हणजे धान्यापेक्षा मांस आणि दूधच पुढे आहे, मग नुसतं धान्य काढून काय साधणार? उलट ग्रेन फ्री, त्यातही वाटाणे-मसूर भरलेलं फूड आणि कुत्र्यांच्या हृदयाचा आजार यांचा काही संबंध आहे का हे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ पासून तपासायला घेतलं. ते पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण गरज नसताना वाढत्या पिल्लाला मी तरी देणार नाही. आणि पिशवीवर पुढे मोठ्या अक्षरात लॅम्ब लिहिलेलं असतं, मागची बारीक यादी वाचली की चिकन मील (चिकनची वाळवलेली पूड) नाहीतर चिकन फॅट सापडतं, मी दुकानात उभं राहून चार पिशव्या पाहिल्या तर तीनमध्ये होतं.

आमचं खरं काय झालं ते सांगतो. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की एकच फूड ठेवा, त्याशिवाय पाणी सोडून काहीच नाही, बिस्कीट नाही, च्यू स्टिक नाही, चिकनच्या चवीची गोळीसुद्धा नाही. आम्ही घरात सगळ्यांना सांगितलं, तरी शी कधी बरी कधी पातळ. मग आली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. घरात खापरावरच्या पुरणपोळ्या, मावशीने मायेने एक पोळी वाटीभर दुधात कुस्करून टिकलीसमोर ठेवली आणि रात्रीतून तिचे हाल झाले. तेव्हा आजी हळूच म्हणे, अरे मी तर रोज सकाळी दुधात भाकर देते तिला, पोर भुकेजलेली असते ना. आजीला काय बोलणार, तिने आयुष्यभर कुत्र्यांना तेच घातलंय. पण आईचं दूध सुटलं की पिल्लांची दूध पचवायची ताकद कमी होत जाते, काहींना चालतं, काहींना अजिबात नाही. दूध बंद केलं आणि सहाव्या दिवशी शी घट्ट. मग डॉक्टरांनी मुद्दाम जुनं चिकनचं फूड परत चालू करायला लावलं, काही झालं नाही. ती आजही चिकन खाते.

म्हणून तुमच्याकडे जंत निघाले नाहीत तर असं करा, घरात कोण काय टाकतं ते आठवडाभर वहीत लिहा. शेवभाजीचा रस्सा लावलेली भाकर कोणी देत असेल तर ते आधी थांबवा, त्यातला कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे, थोडा थोडा रोज गेला तरी रक्तावर परिणाम होतो. मनुकेही विषारीच, ते किडनी बिघडवतात. फूड बदलायचंच ठरलं तर सात ते दहा दिवस घ्या, जुन्यात थोडं नवीन मिसळत वाढवत न्या, एका दिवसात बदललं की चांगल्या फूडनेही पोट बिघडतं आणि आपण म्हणतो हेही सोसत नाही. आम्ही तिन्ही वेळा हेच केलं होतं.

खरी ऍलर्जी वाटलीच तर डॉक्टर एकतर कधी न खाल्लेल्या मांसाचं नाहीतर हायड्रोलाइज्ड फूड देतील, म्हणजे ज्यात प्रोटीन इतकं बारीक तोडलेलं असतं की शरीर त्याला ओळखत नाही. महाग असतं. पोटाचा फरक दोन-तीन आठवड्यात कळतो, खाजेला मात्र निदान आठ आठवडे द्यावे लागतात, आणि बरं वाटल्यावर जुनं फूड परत देऊन पाहिल्याशिवाय ऍलर्जी पक्की म्हणता येत नाही. रक्ताच्या तपासणीवर यासाठी पैसे घालू नका, फूडच्या बाबतीत तिचा भरवसा नाही.

तोपर्यंत उकडलेलं चिकन-भात चालेल का? डॉक्टर म्हणतील तेवढे दोन-चार दिवस चालेल, महिने नाही. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात. आणि लॅब्राडोर मोठ्या जातीचं म्हणून पिशवीवर लार्ज ब्रीड पपी लिहिलेलंच घ्या, ते देत असाल तर वरून कॅल्शियमचं टॉनिक देऊ नका, जास्त कॅल्शियमनेही हाडं बिघडतात. दिवसाचं मोजून चार वेळात द्या.

एक राहिलं, किलोवर सुटं मिळतं ते फूड घेऊ नका, ना यादी ना एक्सपायरी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, पत्र्याखाली ठेवलेल्या फूडमधलं तेल खवट होतं आणि त्यानेही जुलाब लागतात. छोटी बंद पिशवी आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. शीच्या तपासणीत काय निघालं ते इथे नक्की लिहा, मी बघत राहीन.