उन्हातली लांब धाव आणि सप्लिमेंट

प्रश्न : उन्हात दोन तास धावताना शेवटी गळून जायला होतं. सॉल्टच्या गोळ्या घेऊ की कॅफीन?

उत्तर : आधी घाम मोजा. धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. 1 किलो घट म्हणजे साधारण 1 लिटर घाम, त्यात प्यायलेलं पाणी मिळवा. घट 2 टक्क्यांच्या आत ठेवा. गोळी कोरडी गिळली की मळमळतं. त्यापेक्षा लिटरभर पाण्यात पाव चमचा (दीड ग्रॅम) मीठ विरघळवा, सुमारे 600 मिलिग्रॅम सोडियम मिळतं. रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारूनच. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि ते जास्त धोक्याचं. कॅफीन शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे 3 मिलिग्रॅम, तासभर आधी. पण त्याने शरीराचं तापमान किंचित वाढू शकतं. खरा फरक पडतो तो 10 ते 14 दिवस उन्हात हळूहळू सराव वाढवल्याने.