मुंबईहून आईवडील आणि मुलांसह ऑस्ट्रिया-इटलीला जाऊन तिथे भाड्याच्या गाडीने फिरणार आहोत. अडीअडचणीसाठी सोबत काय ठेवावं?

सगळ्यात आधी औषधं. आपल्याकडे रात्री अकरालाही कोपऱ्यावरचं मेडिकल उघडं मिळतं. ऑस्ट्रियात रविवारी ठरावीक औषधदुकानंच उघडी असतात, आणि अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. म्हणून आईबाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण प्रवासाला पुरून आठवडाभर उरतील एवढ्या घ्या. त्या मूळ पाकिटातच राहू द्या, सुट्या करून डबीत भरू नका. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी घ्या. आपला ब्रँड तिथे कुणाला कळणार नाही. निम्मा साठा हातातल्या बॅगेत, निम्मा चेक-इनमध्ये. इन्सुलिन मात्र सगळं हातातच. ओआरएस, पॅरासिटामॉल, मुलांचं उलटीचं औषध हवंच.

गाडी ताब्यात घेताना डिकी उघडून पाहा. ऑस्ट्रियात चमकणारं जॅकेट, बंद गाडीमागे रस्त्यावर ठेवायचा इशाऱ्याचा त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी गाडीत असणं कायद्याने सक्तीचं आहे. जॅकेट बहुधा एकच असतं, म्हणून माणशी एक इथूनच न्या आणि डिकीत नाही, सीटजवळ ठेवा. हायवेवर गाडी बंद पडली की जॅकेट घालूनच उतरायचं, सगळ्यांना कठड्यापलीकडे न्यायचं आणि ११२ लावायचा.

खाण्यात खाकरा, चिवडा चालेल. तूप, पेढे, दुधाचे पदार्थ नेऊ नका, युरोपीय संघात प्रवाशांना ते आणायला बंदी आहे. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. आरटीओचं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट आणि विम्याचा फोन नंबर कागदावर ठेवा.