रिपोर्ट नॉर्मल, तरी आग का होते?

प्रश्न : मॅडम, माझं वय २९. दोन वर्षं लघवीच्या जागेच्या आसपास आग होते. स्कूटी चालवली, घट्ट जीन्स घातली की जास्तच. तीन डॉक्टर झाले, तिघांनीही बुरशीचं क्रीम दिलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. आता ऐकवतात, ‘फार मनावर घेता तुम्ही.’ हे माझ्या मनाचेच खेळ आहेत का?

उत्तर : नाहीत. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे जंतुसंसर्ग सापडला नाही, एवढंच. योनीमुखाशी तीन महिन्यांहून जास्त काळ दुखत असेल आणि संसर्ग, त्वचारोग, हार्मोन्स, दबलेली नस यांपैकी काहीच सापडत नसेल, तर त्या दुखण्याला व्हल्वोडिनिया म्हणतात. तिथल्या नसा नको तितक्या हळव्या झालेल्या असतात आणि बऱ्याचदा ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही आखडलेले असतात. हे सोनोग्राफीत दिसणार कसं?

दिसतं ते कापसाच्या काडीने. ओली काडी योनीमुखाभोवती घड्याळाच्या आकड्यांसारखी एकेका जागी अलगद टेकवायची आणि विचारायचं, दहापैकी किती दुखलं? बऱ्याच जणी घड्याळातल्या पाच ते सातच्या जागी कळवळतात, बाराच्या जागी काहीच नाही. या तपासणीला ना यंत्र लागतं ना खर्च, तरी ती सहसा होत नाही याचा मला राग येतो. तुम्ही स्वतःहून मागा.

तोवर क्रीम बंद. बुरशी नसताना तेच क्रीम पुन्हापुन्हा लावलं तर त्यानेच आग होऊ शकते. साबण, सुगंधी वॉश, पाण्यात डेटॉल हेही बंद. धुवायला साधं पाणी पुरतं. उपचारांत बधिर करणारं लिडोकेन मलम, पेल्व्हिक फ्लोअरची, म्हणजे त्याच तळाच्या स्नायूंची, फिजिओथेरपी आणि कधी रात्री कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिनची गोळी असते. केमिस्ट तिला ‘डिप्रेशनची गोळी’ म्हणेल. बिचकू नका, इथे ती नसांच्या दुखण्यासाठी दिलेली असते. मात्र गुण यायला आठवडे, कधी महिनेही जातात.

प्रश्न : लग्नाला आठ महिने झाले. संबंधाच्या वेळी सुरीने कापल्यासारखं दुखतं, मी दात-ओठ खाऊन सहन करते. नवरा चांगला आहे, पण विचारतो, ‘मी आवडत नाही का तुला?’ सासूबाई गोड बातमीची वाट पाहतायत. मैत्रीण म्हणते, एक बाळ झालं की सगळं मोकळं होतं.

उत्तर : सहन करणं आधी थांबवा. हेही वरच्यासारखंच व्हल्वोडिनियाचं दुखणं असू शकतं, तीच काडीची तपासणी करून घ्या. दुखणार हे शरीराला कळलं की स्नायू आधीच आवळले जातात आणि पुढच्या वेळी आणखी दुखतं. उपचार चालू असेपर्यंत प्रवेश टाळा. जवळीक टाळायची गरज नाही. नवऱ्याला तपासणीला बरोबर न्या. ‘हिचं खरंच दुखतंय’ हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांच्या मनातलं किल्मिष निघून जातं, असा माझा अनुभव आहे.

यूट्यूबवर बघून कीगलचे व्यायाम मात्र करू नका. त्यात स्नायू आवळायचे असतात, तुम्हाला ते सैल सोडायला शिकायचंय. मैत्रिणीचा सल्ला सोडून द्या; बाळंतपण हा यावरचा उपाय नव्हे. सासूबाईंना ‘उपचार चालू आहेत’ एवढं सांगितलं तरी पुरे.

प्रश्न : वय ५८. रात्री तिथे खाज सुटून झोप मोडते. कातडी पांढरट, पातळ दिसते. सून म्हणते, खोबरेल लावा. लावू का?

उत्तर : लावा, पण त्यावर विसंबू नका. हा व्हल्वोडिनिया वाटत नाही, लायकेन स्क्लेरोसस असावा. हा त्वचेचा आजार आहे, संसर्ग नव्हे. कुणाला लागत नाही. यावर तीव्र स्टिरॉइड मलम देतात. ‘स्टिरॉइड’ वाचून ते अर्ध्यात सोडू नका आणि डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्तही लावू नका. दुर्लक्ष केलं तर तिथली कातडी आक्रसते, आणि थोड्या जणींमध्ये पुढे कॅन्सरचा धोका असतो. म्हणून याच आठवड्यात दाखवा. न भरणारी जखम किंवा गाठ दिसली तर जागा बधिर करून छोटा तुकडा तपासायला घेतील, त्याला नाही म्हणू नका.