पोशाखातल्या माणसांना सांभाळताना

तू नवीन आहेस म्हणून सांगतो. इथं नागपुरात पोशाख चढवून, भोसलेकालीन पात्रं होऊन पाहुण्यांशी बोलणाऱ्या पोरांना संवाद पाठ करायला लावू नकोस. पाठांतरवाला १८१७ची भोसले-इंग्रजांची सीताबर्डीची लढाई घडाघडा म्हणतो, पण एखाद्या शाळकरी मुलीनं 'तुमचे घोडे काय खायचे?' विचारलं की गप्प. त्यापेक्षा रोज सकाळी दार उघडण्याआधी त्यांच्यावर असल्याच प्रश्नांचा मारा कर. उत्तर येत नसेल तर पात्र बाजूला ठेवून 'बघून सांगतो' म्हणायची मोकळीक दे. थापा मात्र अजिबात खपवून घ्यायच्या नाहीत. ऐकणारा त्या इतिहास समजून घरी नेतो. आणि नागपूर वसवणाऱ्या गोंड राजा बख्त बुलंद शाहचं नाव न घेता नागपूर थेट भोसल्यांपासून सुरू करणाऱ्याला तिथंच थांबव.

मे महिन्यात इथं पारा ४५च्या घरात जातो. अंगरखा-पगडीत कुणालाही उन्हात अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नकोस. माठ हाताशी हवा. चक्कर येतेय असं पोरं लाजून सांगत नाहीत. बोलणं अडखळलं, पाय लटपटले की लगेच सावलीत ने, पगडी उतरव, अंगावर पाणी मार, डॉक्टरला बोलाव.

मानधन वेळेवर निघेल एवढं स्वतः बघ.