वायफायवरून सिंक होत नसेल तर आधी आयपी बघ

फोन आणि कॉम्प्युटरवरची यादी एकसारखी ठेवणारं अ‍ॅप वायफायवरून सिंक करत नसेल, तर ते काढून पुन्हा टाकायची घाई करू नकोस, जुनं पेअरिंग (दोघांची आधी केलेली जोडणी) उगाच पुसलं जाईल. आधी फोन आणि कॉम्प्युटर, दोघांचे आयपी अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचे त्यांचे पत्ते) शेजारी ठेवून बघ. एक १९२.१६८.१.२३ आणि दुसरा १९२.१६८.०.५ असेल, म्हणजे तिसरा आकडा वेगळा असेल, तर बहुतेक वेळा दोन्ही वेगवेगळ्या नेटवर्कवर असतात. गेस्ट वायफाय तर हमखास फसवतं: इंटरनेट दोन्हीकडे झकास चालतं, पण राउटर त्यांना एकमेकांशी बोलूच देत नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली होती, म्हणून कळकळीने सांगतोय.

आयपीचे पहिले तीन आकडे जुळत असतील तर विंडोजमध्ये ते वायफाय 'पब्लिक' आहे का बघ. घरचंच असेल तर 'प्रायव्हेट' कर. फायरवॉल मात्र बंद करू नकोस, फक्त त्या अ‍ॅपला परवानगी दे. व्हीपीएन चालू असेल तर थोडा वेळ थांबव.

सिंक अर्ध्यावर तुटत असेल तर फोनचा बॅटरी सेव्हर तपास, स्क्रीन विझली की तो अ‍ॅपला झोपवतो.

आणि हो, पहिल्या सिंकआधी बॅकअप घेच. कुठून कुठे कॉपी करायचं ती दिशा उलटी निवडली गेली तर रिकामी यादी भरलेल्या यादीवर चढते.